पानांची न दिसणारी हालचाल

भाद्रपद सरत आला म्हणजे वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर पऱ्हाटी कमरेएवढी होते. अकोल्याहून अकोटकडे किंवा अमरावतीहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस दूरवर कपाशीचे हिरवे तास दिसू लागतात आणि मधूनमधून तुरीच्या ओळी डोके वर काढून उभ्या असतात. सकाळी शाळेत जाणारा मुलगा धुऱ्यावरून हे शेत पाहतो. सायंकाळी परतताना पुन्हा पाहतो. दोन्ही वेळी त्याला शेत सारखेच भासते. वस्तुतः ते सारखे नसते. सकाळी पऱ्हाटीच्या कितीतरी पानांचे तोंड पूर्वेकडे असते, तर सायंकाळी तीच पाने पश्चिमेकडे वळलेली असतात. दिवसभरात शेतातील हजारो पाने हळूहळू फिरली. पण त्या मुलाने, त्याच्या वडिलांनी किंवा तासांतून निंदण करणाऱ्या बायांनी त्यांपैकी एकही पान फिरताना पाहिले नाही.

डोळ्यांना ही हालचाल का दिसू नये, याचा हिशेब सोपा आहे. सूर्य आकाशात एका तासात १५ अंश सरकतो. त्याच्याकडे तोंड ठेवू पाहणाऱ्या पानाला साधारणतः तेवढेच वळावे लागते. म्हणजे मिनिटाला पाव अंश. घड्याळाचा तासकाटा मिनिटाला अर्धा अंश फिरतो. पान त्याच्याही निम्म्या वेगाने चालते. तासकाट्याकडे कितीही टक लावून बसले तरी तो हलताना दिसत नाही; थोड्या वेळाने पाहावे, तेव्हा तो पुढे गेलेला आढळतो. पानाचेही तसेच आहे. मात्र तासकाट्याच्या मागे आकड्यांची तबकडी असते आणि पानाच्या मागे नुसते आकाश असते. काल याच वेळी हे पान नेमके कोठे होते, हे कोणी सांगावे? पानांची हालचाल मोजणे म्हणजे त्यांच्यामागे अशी एक तबकडी बसविणे होय.

सर्व वनस्पतींची पाने एकाच कारणाने हलत नाहीत. गावातील चिंचेचेच झाड घ्या. दिवे लागण्याच्या सुमारास तिच्या इवल्या पर्णिका जोडीजोडीने मिटू लागतात आणि पहाटे उघडतात. भुईमुगाच्या पानाच्या चार पर्णिका रात्री एकमेकींस चिकटतात. पडीक जागी वाढणारा टाकळाही रात्री पाने मिटून घेतो. घेवड्याची पाने मात्र मिटत नाहीत. ती रात्री खाली लोंबतात. रात्रीच्या वेळी झाडाला हात लावू नये, ते झोपलेले असते, असे घरातील आजी सांगते. ही समजूत फार जुनी आणि दूरवर पसरलेली आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात सिकंदराच्या मोहिमेतील लोक इराणच्या आखातातील एका बेटावर गेले होते. आज त्या बेटाला बहारीन म्हणतात. तेथे रात्री पाने मिटणारे एक झाड त्यांनी पाहिले व ते झाड झोपी जाते असे तेथील रहिवासी सांगतात, अशी नोंद ग्रीक ग्रंथात राहिली. ते झाड बहुधा चिंचेचेच असावे, असे विद्वान मानतात.

ही झोप अंधारामुळे येते काय? तसे वाटणे साहजिक आहे. फ्रान्समधील द मेरां नावाच्या ज्योतिर्विदाने याचा एक साधा पडताळा घेतला आणि १७२९ साली तो प्रसिद्ध झाला. त्याने लजाळूचे रोप जेथे उजेड पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवले. बाहेर दिवस उजाडला, तेव्हा अंधारातल्या त्या रोपानेही पाने उघडली. बाहेर रात्र झाली, तेव्हा ती मिटली. सूर्य न पाहताही रोपाला वेळ कळत होती. वनस्पतींच्या पेशींमध्ये सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालू असते, हे त्यानंतर बऱ्याच काळाने सिद्ध झाले.

पऱ्हाटीची तऱ्हा निराळी. तिची पाने सूर्याच्या मागे फिरतात व त्यामुळे त्यांना दिवसभर भरपूर प्रकाश मिळतो. याच्या अगदी उलट वागणूकही पाहावयास मिळते. तुरीला किंवा सोयाबीनला पाण्याची ओढ बसली, की त्यांच्या पर्णिका दुपारच्या उन्हात कड सूर्याकडे करून उभ्या राहतात. उभ्या पानावर ऊन कमी पडते, ते कमी तापते आणि पाणी वाचते. आणि शेवटी सर्वांच्या परिचयाची ती हालचाल, जिला शेतकरी ‘पिकाने मान टाकली’ असे म्हणतो. ती पानाने केलेली नसते, पानावर ओढवलेली असते. मुळांकडून जेवढे पाणी येते, त्याहून अधिक उन्हाने उडून गेले, म्हणजे पानाचा ताठपणा जातो आणि ते लुळे होऊन खाली येते.

आता खरी अडचण लक्षात येईल. सायंकाळी घेवड्याचे एक पान खाली झुकलेले दिसले. ते झोपेने झुकले की तहानेने? दुपारी सोयाबीनचे पान उभे आहे. ते उन्हाला चुकवीत आहे की सकाळपासूनच तसे आहे? एकदा पाहून याचे उत्तर देता येत नाही. वैद्य रोग्याच्या अंगाला एकदाच हात लावून थांबत नाही. तापाचा तक्ता करून सकाळ-सायंकाळचे आकडे मांडतो. पानासाठीही तसाच तक्ता हवा.

पान हलते कसे, हे येथेच पाहून घेऊ. प्राण्यांना स्नायू असतात; वनस्पतींना ते नाहीत. घेवडा, तूर, चिंच, लजाळू यांच्या देठाच्या तळाशी एक लहानशी फुगीर गाठ असते. पर्णिकांच्या तळाशीही तशाच बारीक गाठी असतात. कपाशीत ही गाठ देठाच्या वरच्या टोकाला, पानाचे पाते जेथे जोडलेले असते तेथे असते. पान वळविण्याचे सारे काम या गाठीत चालते. गाठीच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियमचे कण शिरले, की त्यांच्यामागोमाग पाणीही शिरते आणि त्या पेशी फुगतात. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या पेशींतून पाणी बाहेर पडून त्या आकसतात. एक बाजू फुगली आणि दुसरी आकसली म्हणजे पान आकसलेल्या बाजूकडे वळते. शेतकरी ज्या पालाशाचे खत विकत आणून घालतो, त्या पालाशातील हेच पोटॅशियम. लजाळूत हे काम क्षणात होते, पऱ्हाटीत तासांनी. पण युक्ती तीच, पाणी इकडून तिकडे नेण्याची.

या मंद हालचालींची नोंद करण्यासाठी पूर्वीच्या संशोधकांनी जी खटपट केली, ती वाचली म्हणजे त्यांच्या चिकाटीचे नवल वाटते. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरील मोठा ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध केला. त्यांची रीत अशी होती : पानाला काचेचा केसासारखा बारीक तंतू चिकटवावयाचा व त्याच्या टोकाला काळ्या लाखेचा एक कण लावावयाचा. त्यामागे काठीवर एक कार्ड बसवून त्यावर काळा ठिपका काढावयाचा. समोर काचेचे तावदान उभे करावयाचे. मग त्या तावदानातून पाहत लाखेचा कण आणि ठिपका एका रेषेत आले, की काचेवर शाईने बिंदू द्यावयाचा. थोड्या वेळाने पुन्हा एक बिंदू, पुन्हा एक. शेवटी सारे बिंदू रेषांनी जोडले, म्हणजे पानाने दिवसभरात केलेला प्रवास काचेवर उमटे. हे काम रात्रीही करावे लागे. बाप आणि लेक यांनी दिलेल्या बिंदूंची गणती कोण करील!

आपल्या देशात जगदीशचंद्र बसू यांनी याच कामासाठी अत्यंत नाजूक यंत्रे तयार केली. त्यांची यंत्रे काजळी धरलेल्या काचेवर वनस्पतीकडूनच तिची हालचाल लिहून घेत. त्यांच्या कामातील एक हकिकत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. पूर्व बंगालमध्ये फरीदपूर नावाचे गाव आहे. ते आता बांगलादेशात येते. तेथे खजुराचे एक कललेले झाड होते. सायंकाळी देवळातील घंटा वाजू लागे, त्या सुमारास हे झाड जमिनीकडे झुकलेले असे आणि सकाळी ते पुन्हा वर उठलेले दिसे. झाड देवाला नमस्कार करते अशी लोकांची श्रद्धा बसली आणि ते त्याला पूजाद्रव्ये वाहू लागले. बसूंनी कोणाच्या श्रद्धेची थट्टा केली नाही. त्यांनी त्या झाडाला नोंद करणारे यंत्र जोडले आणि हवेच्या उष्णतेचीही नोंद ठेवली. दोन्ही रेषा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा असे आढळले, की ऊन तापू लागले की झाड खाली येऊ लागते आणि रात्री हवा निवू लागली की ते वर चढते. सायंकाळची घंटा आणि झाडाचे झुकणे यांची वेळ एक पडली होती, इतकेच. दिवसातून दोनदा पाहणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळली नसती. अखंड नोंदीमुळे ती कळली.

कॅमेरा या कामासाठी प्रथम वापरला गेला त्यालाही आता सव्वाशे वर्षे होत आली. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म पफेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० च्या सुमारास लजाळू, ट्यूलिप इत्यादी वनस्पतींची चित्रे ठरावीक अंतराने घेतली आणि ती चलच्चित्राप्रमाणे भरभर दाखविली. त्यामागील गणित असे आहे. दर १० मिनिटांनी एक चित्र घेतले, तर एका दिवसात १४४ चित्रे होतात. ती एका सेकंदाला २४ या वेगाने पडद्यावर सोडली, की संपूर्ण दिवस ६ सेकंदांत संपतो. ६ सेकंदांत सूर्य उगवतो, मावळतो, आणि स्थिर वाटणारे झाड पंख्यासारखे पाने हलवू लागते. ज्याने असे चित्र एकदा पाहिले, त्याला झाड पुन्हा पूर्वीसारखे निश्चल वाटत नाही.

परंतु पाहणे निराळे आणि मोजणे निराळे. मोजण्यासाठी कॅमेरा तिवईवर घट्ट बसवितात आणि मग त्याला हात लावीत नाहीत. कॅमेराच हलला तर पान हलले की कॅमेरा, हे सांगता येणार नाही. रोपाशेजारी एक ओळंबा टांगतात व एक पट्टी उभी करतात. ओळंब्यामुळे उभी दिशा नक्की होते आणि पट्टीमुळे चित्रातील अंतराचे प्रत्यक्ष अंतर काढता येते. संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक छायाचित्र हे बारीक चौकोनी चित्रबिंदूंचे बनलेले असते. आलेखाच्या कागदावर जसे घर मोजावे, तसे हे बिंदू मोजता येतात.

समजा, एका चित्रात देठाच्या गाठीपासून पानाचे टोक आडव्या दिशेने ८५ बिंदू दूर आणि ८५ बिंदू खाली आहे. आडवे आणि उभे अंतर सारखे. तेव्हा पान आडव्या रेषेखाली ४५ अंश झुकले आहे. दोन तासांनी घेतलेल्या चित्रात टोक आडवे १०४ बिंदू आणि खाली ६० बिंदू आहे. कोनमापक लावून पाहिले तर कोन ३० अंश भरतो. म्हणजे दोन तासांत पान १५ अंश वर उठले. येथे एक पडताळाही घेता येतो. दोन्ही वेळी गाठीपासून टोकापर्यंतचे सरळ अंतर पट्टीने मोजावे. ते दोन्हीकडे सुमारे १२० बिंदू येते. पानाची लांबी दोन तासांत बदलत नाही, म्हणून हे योग्यच आहे. पण हेच अंतर दुसऱ्या चित्रात ८० बिंदू आले असते तर? पान आखूड झाले असे कोणी म्हणणार नाही. ते कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर वळले आहे, आणि म्हणून आखूड दिसते आहे. बोट डोळ्यांसमोर आडवे धरले तर लांब दिसते, टोक डोळ्याकडे केले तर नुसता ठिपका दिसतो, तसाच हा प्रकार. यासाठी नीट मोजणी करणारे एक कॅमेरा बाजूने आणि दुसरा वरून लावतात. दोन चित्रांवरून पानाचे खरे स्थान काढता येते. आपल्यालाही दोन डोळे आहेत म्हणूनच वस्तू किती दूर आहे हे सहज कळते.

पाने एकदोन असली तर हे काम हातांनी होते. शेकडो चित्रांतील शेकडो पाने मोजावयाची झाल्यास संगणकाकडून पान ओळखून घ्यावे लागते. हिरवे ते पान आणि बाकीचे ते पान नव्हे, असे त्याला प्रथम सांगतात. मग तो पानाची कड शोधतो. या बाबतीत वऱ्हाडची काळी माती मोठी सोयीची आहे. तिच्यावर हिरवा रंग इतका उठून दिसतो, की संगणकाची चूक क्वचितच होते. मात्र निंदण झालेले नसेल, तर तणही हिरवेच! मग संगणक तणालाही कपाशीच समजतो. वारा हाही एक त्रासदायक पाहुणा आहे. वाऱ्याने पान क्षणात वीस अंश हलते आणि क्षणात परत येते. त्यावर उपाय म्हणून एका चित्राऐवजी लागोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतात.

रात्रीची चित्रे घेणे सर्वांत नाजूक. दिवा लावून चित्र घेतले तर झोपलेले रोप त्या उजेडाने जागे होईल, आणि मोजावयाला गेलेली गोष्टच मोडून जाईल. डार्विनला ही अडचण सतावीत होती. आता अवरक्त किरणांचे दिवे वापरतात. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि वनस्पतींनाही ते जवळजवळ जाणवत नाहीत. पण कॅमेऱ्यातील काचेमागची चकती ते टिपू शकते. त्यामुळे गडद अंधारात, रोपाला काही कळू न देता, रात्रभर चित्रे घेता येतात.

या रात्रीच्या चित्रांचे महत्त्व वऱ्हाडइतके क्वचितच कोठे असेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे जमीन काळी आणि खोल आहे, पण विहिरीचे पाणी खारे आहे. ते पिकाला दिले तर पीक बिघडते आणि जमीनही चिबड होत जाते. म्हणून तेथील बहुतेक शेती पावसावर चालते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली, तर पऱ्हाटीच्या पात्या, फुले आणि कोवळी बोंडे गळू लागतात. ज्याने पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून ठेवले आहे, त्याला एखादे पाणी देता येते. पण ते एकच! चार दिवस आधी दिले तर पुढच्या उघडिपीत तळे कोरडे. चार दिवस उशिरा दिले तर गळलेली पाती परत येत नाही. ते कोणत्या दिवशी द्यावे, यावर त्या घरचे वर्ष अवलंबून असते.

दुपारी पऱ्हाटीने मान टाकली, एवढ्यावरून हा निर्णय करता येत नाही. जमिनीत पुरेशी ओल असतानाही कडक उन्हात पाने दुपारी मलूल होतात आणि सायंकाळी सावरतात. अनुभवी शेतकरी हे जाणतो. तो दुपारी घाबरत नाही, पहाटे शेतात जाऊन पाहतो. कॅमेऱ्याची नोंद हेच अंकांनी सांगते. समजा, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी एक पान आडव्या रेषेखाली २५ अंश झुकले आणि रात्री ५ अंशांपर्यंत वर आले. आठव्या दिवशी दुपारी ते ४० अंश झुकले, पण पहाटेपर्यंत पुन्हा ५ अंशांवर आले. तोवर काळजी नाही; रात्री मुळांनी दिवसाची तूट भरून काढली आहे. बाराव्या दिवशी ते पहाटे १२ अंशांवरच राहिले आणि तेराव्या दिवशी २० अंशांवर. दुपारच्या आकड्यांत फार फरक दिसणार नाही, पण पहाटेच्या आकड्याने गोष्ट उघड केली : आता रात्रभरातही तूट भरत नाही. १२ आणि ५ यांतील सात अंशांचा हा फरक धुऱ्यावर उभे राहून डोळ्यांना कळणे कठीण आहे. साठविलेले पाणी देण्याची वेळ मात्र तीच असते.

अशाच नोंदींचा दुसरा उपयोग बियाणे निवडण्यासाठी होतो. एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेले कपाशीचे दोन वाण घ्यावेत. पाऊस थांबल्यावर कोणत्या वाणाची पाने अधिक दिवस पहाटे पूर्ववत होतात? कोणता वाण दुपारी पाने उभी करून ऊन चुकवितो, आणि कोणता सूर्याकडे तोंड करून करपतो? अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली जन्मलेले व पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव असलेले कृषी विद्यापीठ अकोल्यास १९६९ साली स्थापन झाले. विदर्भातील कोरडवाहू जमिनीत तगतील असे वाण शोधणे हे त्याचे एक मोठे काम आहे. पण हजारो झाडे रोज चढउतार करीत असताना माणसाने ती किती मोजावी? म्हणून कॅमेऱ्याची मदत घेण्याकडे सर्व देशांतील कृषिशास्त्रज्ञांचा कल वाढला आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे पिकांवरील दुष्काळ, उष्णता, क्षार इत्यादींच्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे रोपांची चित्रे घेऊन त्यांची वाढ व ताण मोजण्याची सोय केलेली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत २०१७ साली असेच एक मोठे केंद्र सुरू झाले. त्याला हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले समाजसेवक नानाजी देशमुख यांचे नाव दिले आहे. त्या केंद्रात माणूस कॅमेरा घेऊन कुंडीकडे जात नाही. कुंड्याच सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक कॅमेऱ्याच्या खोलीत जातात. तेथे त्यांची चित्रे घेतली जातात, त्यांचे वजन होते व वजन घटले असेल तितके पाणी त्यांना मिळते. साधे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी उष्णता टिपणारा कॅमेराही असतो. तहानलेले पान आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेते. मग पाणी उडून जे गारवा येत असे तो थांबतो आणि पान तापते. कोन बदलण्याआधीच पुष्कळदा ही ऊब त्या कॅमेऱ्याला दिसते.

अशा ठिकाणी पानांच्या हालचालीकडे दुर्लक्ष केले तर कशी फसगत होते, हेही पाहण्यासारखे आहे. वरून घेतलेल्या चित्रात जितकी हिरवी जागा दिसेल, तितके रोप मोठे, असा साधा हिशेब पुष्कळदा करतात. आडवे पसरलेले पान वरून पूर्ण दिसते. ते ६० अंश झुकले की निम्मेच दिसते. आता पहिल्या कुंडीचे चित्र सकाळी दहा वाजता घेतले आणि दोनशेव्या कुंडीची पाळी दुपारी तीनला आली, तर दोन्ही रोपे सारखी असूनही दुसरे लहान ठरेल. म्हणून प्रत्येक चित्रावर वेळ लिहिणे आणि एका रोपाचे चित्र रोज त्याच वेळी घेणे, हा या कामातला पहिला नियम आहे.

दाट शेतात अजूनही अडचणी येतात. सप्टेंबरअखेर पऱ्हाटीचे तास एकमेकांस भिडतात, पानावर पान येते आणि कोणता देठ कोणत्या पानाचा हे संगणकाला उलगडत नाही. अशा वेळी थोडीच झाडे निवडून त्यांच्या काही पानांवर पांढरे ठिपके लावतात आणि तेवढ्यांचाच माग ठेवतात.

हे सारे मोठ्या संस्थांतच करता येते असे नाही. घरी भुईमुगाचे रोप कुंडीत वाढवावे. त्याच्या एका पानाच्या समोरासमोरच्या दोन पर्णिका निवडून, मोबाइल फोनचा कॅमेरा विटांमध्ये पक्का बसवून, दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाने चित्र घ्यावे. दोन पर्णिकांमधील कोन कागदावर मोजावा व आलेख काढावा. कोन उतरू लागला ती वेळ आणि त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ यांची तुलना करावी. द मेरांचा प्रयोग करून पाहावयाचा असेल तर लजाळूची कुंडी घ्यावी. मात्र तिला धक्का लागू देऊ नये, नाहीतर ती अवेळीच मिटेल. कुंडी काळोख्या खोलीत ठेवावी आणि बॅटरीला हिरवा कागद गुंडाळून तिच्या मंद उजेडात क्षणभर पाहावे. हिरव्या उजेडाचा रोपावर इतर रंगांहून कमी परिणाम होतो. पहिल्या दिवशी पाने बाहेरच्या दिवसाप्रमाणे उघडतील व मिटतील. पुढे आलेखाची रेषा उतरती होत जाईल, कारण अंधारात रोपाला अन्न तयार करता येत नाही. म्हणून दोन दिवस होताच कुंडी पुन्हा उन्हात आणून ठेवावी आणि तिला पाणी घालावे.